उंटाच्या पिलांची वाढ व चाऱ्याची पद्धत

उंट हें आमच्या वाचकांच्या गोठ्यांतील जनावर नव्हे. तथापि कच्छी रबारी लोकांचे तांडे वऱ्हाडांत येतात, तेव्हां त्यांच्या उंटांमागें धांवणारीं पिलें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. ह्या जनावराचें खरें माहेर राजस्थान व कच्छ. सन २०१२ च्या पशुगणनेंत भारतांत सुमारें ४ लक्ष उंट होते. सन २०१९ च्या गणनेंत ते अडीच लक्षांवर आले. उंटीण सुमारें १३ महिने गाभण राहते व साधारणतः दोन वर्षांनीं एकदां विते. तेव्हां हातीं आलेलें पिलूं दगावलें किंवा खुरटलें, तर नुकसान लवकर भरून येत नाहीं.

पिलूं पोटांत असतां आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें त्यास जवळजवळ मिळत नाहींत. तीं चिकांतून मिळतात. म्हणून पहिल्या कांहीं तासांतच त्यास चीक पाजला पाहिजे. चीक बाधतो म्हणून पिळून टाकण्याची चाल कित्येक देशांत आहे. ती घातक होय. पुढें हगवण लागून मरणाऱ्या पिलांचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें.

त्यानंतरचा प्रश्न दुधाच्या वांटणीचा. पिलूं कांसेस लागल्यावांचून उंटीण बहुधा पान्हा सोडीत नाहीं, व सोडलेला पान्हाही मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणून राईका लोकांची जुनी रीत अशी कीं, चार सडांपैकीं दोन पिलास व दोन माणसांस. ह्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या लोकांचा हिशेब आम्हांस मोठा शहाणपणाचा वाटतो. सन २०१६ मध्यें ह्या दुधाची सरकारी प्रतवारी ठरली, व सन २०१९ मध्यें कच्छचें दूध बाटल्यांतून विकूं लागलें. दुधास भाव आला हें चांगलेंच झालें. पण तिसऱ्या सडाकडे हात गेला कीं, पिलाच्या वाढीस कात्री लागते, आणि तेव्हां खुंटलेली वाढ पुढें चाऱ्यानें भरून काढणें फार महाग पडतें.

पिलूं चरूं लागलें म्हणजे पद्धतींचा भेद दिसूं लागतो. केवळ रानांत सोडलेलें पिलूं पावसाळ्यांत व नंतर कांहीं महिने चांगलें भरतें, पण वैशाख-ज्येष्ठांत पाला संपला कीं तें थबकतें, किंबहुना उतरतें. केवळ दावणीस बांधलेल्यास गवारीचें भूस नित्य मिळतें, परंतु नाना झाडांचा पाला ओरबाडून खाण्याची त्याची जात. एकाच वैरणीवर तें रमत नाहीं, व सारा भार मालकाच्या पिशवीवर पडतो. आमचें मत मधल्या पद्धतीकडे आहे: सकाळीं कांहीं तास चराई, व सायंकाळीं दावणींत गवारीचें किंवा मटकीचें भूस. खेजडीच्या (म्हणजे शमीच्या) पाल्यांत प्रथिनें पुष्कळ, पण तुरटपणाही तितकाच असल्यामुळें त्यांचें पचन पुरें होत नाहीं. भुसाशीं मिसळून दिल्यास तो अधिक लागूं पडतो. मीठ मात्र विसरूं नये. उंटास तें इतर गुरांहून कितीतरी अधिक लागतें.

नराची गोष्ट निराळी. ट्रॅक्टर आले, गाडे कमी झाले, आणि सन २०१५ च्या राजस्थानच्या कायद्यानें उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. त्यामुळें नर पिलाचा बाजारभाव कोसळला. अशा पिलापुढें विकतचें भूस टाकण्यास उंटपाळ कचरतो, याबद्दल त्यास दोष देववत नाहीं. तथापि उन्हाळ्याचे तीन महिने तरी त्याची दावण रिकामी ठेवूं नये, इतकेंच आम्ही सुचवितों.