एका गुणाची गदा

साताऱ्याच्या छत्रपती शाहू स्टेडियममध्ये 9 एप्रिल 2022 रोजी महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 असे हरवले. चांदीची गदा ठरली ती एका गुणावर. आमच्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या शौकिनांना असा निकाल पटकन पचत नाही. चितपट नाही तर ती कुस्ती कसली, असा त्यांचा सवाल असतो.

जत्रेच्या मैदानात पूर्वी गुणांचा हिशेब नसे. पाठ टेकली की निकाल. नाहीच टेकली, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवत आणि इनाम वाटून देत. गादीवर बरोबरी नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला की दोन गुण, रिंगणाबाहेर रेटला की एक, उभ्याने उचलून पाठीवर टाकला की चार. नुसतीच रेटारेटी करणाऱ्याला पंच आधी ताकीद देतात. मग 30 सेकंदांत त्याने गुण घ्यायचा, नाही जमले तर समोरच्याला एक गुण फुकट! गुण समान झाले, तर मोठा डाव कुणाचा, ताकिदी कुणाला कमी, आणि शेवटी अखेरचा गुण कुणाचा, हे पाहतात. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. चितपट मात्र आजही सगळ्या गुणांवर भारी.

केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा. म्हणजे दोघांत तीस-पस्तीस किलोंचा फरकही पडू शकतो. शिवाय मातीचा विजेता आणि गादीचा विजेता अंतिम फेरीत समोरासमोर येतात. अशा वेळी हलक्या मल्लाला भारी मल्लाची पाठ लावणे अवघड. पण चपळाईने मागे जाऊन दोन गुण त्याला घेता येतात. गुणांची पद्धत मला पटते ती याचसाठी. आम्हा गझल लिहिणाऱ्यांचा शेरही एका मात्रेने पडतो. तिथे तक्रार कुणाकडे करायची?

सांगलीचे दिनकर दह्यारी 1961 मध्ये पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली स्पर्धा सांगलीतच भरली आणि जिल्ह्यातल्याच तुंगच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आता या भागातल्या मुलीही लहानपणापासून हा गुणांचा हिशेब शिकत आहेत.