क्षमा म्हणजे मार खाणे नव्हे

जळगावकडचे एक घर डोळ्यांसमोर आणा. घरधनी कपाशीच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहे. एक दिवस त्याच्या हातून मोठी चूक झाली. तो मालकाच्या पाया पडला. मालक म्हणाला, "जा, या खेपेला माफ केलं." त्याच संध्याकाळी घरी भाकरी करपली. त्याने बायकोला मारले. आणि सकाळी म्हणतो कसा, "आपण ख्रिस्ती ना? मग माफ कर. शास्त्रच सांगतं."

शास्त्र खरेच काय सांगते?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय पाहा. पेत्राने विचारले, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणाला, सात नव्हे, सातच्या सत्तरपट. हे पुष्कळांना पाठ असते. पण लगेच पुढे एक गोष्ट आहे. एका चाकरावर राजाचे जन्मात न फिटणारे कर्ज होते. राजाने ते सोडून दिले. बाहेर पडताच त्याला दुसरा चाकर भेटला. त्याच्याकडून याला 100 दिवसांची मजुरी येणे होती. याने त्याचा गळा धरला, त्याला तुरुंगात टाकले. राजाला हे कळले, तेव्हा त्याने यालाच शिक्षा केली. काट्यावरचा आपला माणूस या चाकरासारखाच नाही का?

त्याच अध्यायात आधी काय लिहिले आहे? अपराध करणाऱ्याला प्रथम एकांतात चूक दाखवा. ऐकले नाही, तर दोघातिघांना सोबत न्या. तरीही ऐकले नाही, तर मंडळीपुढे सांगा. मुकाट सोसा, असे तिथे म्हटलेले नाही.

आता एक खरे घर पाहू. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. धरणगावचे बालकवी ठोमरे काही काळ यांच्याच घरी राहत होते. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आले, तरी टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. स्वतःला पटले, तेव्हाच लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा रागीट स्वभाव त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात मोकळेपणी लिहिला आहे. त्यांनी माया सोडली नाही आणि सत्यही झाकले नाही.

कायदाही हेच पाहतो. घरातील छळाविरुद्ध 2005 साली कायदा झाला. बायको, आई, बहीण, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते. 181 या क्रमांकावर फोन केला तरी मदत मिळते. तक्रार केली म्हणजे मनात वैर धरले, असे होत नाही.

क्षमा मागता येते, वसूल करता येत नाही. ज्याने मारले त्याने आधी हात आवरावा, चूक कबूल करावी, झालेले नुकसान भरून द्यावे. जक्कय जकातदाराने लुबाडलेले चौपट परत देऊ केले होते. क्षमा केव्हा करायची, ते मात्र जिने सोसले तिने ठरवावे.