एकवचन, द्विवचन आणि दोन कोटी डॉलर

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमचे पुण्याचे नातू तुडीलच्या घरीं आले, तेव्हां त्यांच्या सामानांत कपड्यांपेक्षां तारांचीं वेटोळींच अधिक होतीं. माजघरांतील टीव्हीला तीं जोडून मुलांनीं व्हिडिओ गेम सुरू केला आणि दोन मुठींचें एक काळें यंत्र कौतुकानें आमच्या वडील वहिनींच्या हातीं दिलें. त्याला कंट्रोलर म्हणतात. पडद्यावरील मोटार भिंतीवर आदळतांच तें यंत्र असें थरथरलें कीं, वहिनींनीं ‘अगोबाई!’ म्हणून तें शेजारच्या उशीवर टाकलें.

“घाबरूं नका, आजी,” थोरला नातू म्हणाला, “या थरथरण्यावरून अमेरिकेंत कोट्यवधि डॉलरांचा खटला झाला होता.”

आम्ही जन्मभर मुलांना शिकविलें. त्या सायंकाळीं नातवापुढें विद्यार्थी होऊन बसलों. थरथरण्याचें रहस्य अगदीं साधें आहे. मुठीच्या पोटांत एक लहानशी मोटर असते व तिच्या दांड्यावर एकाच बाजूस जड असें वजन बसविलेलें असतें. एकीकडे जड झालेला भोंवरा जसा थरथर कांपतो, तसेंच हें. अशा प्रकारच्या स्पर्शविद्येचीं पेटंटें बाळगणाऱ्या इमर्शन नामक कंपनीनें २००२ सालीं सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघींवर दावा लावला. मायक्रोसॉफ्टनें २००३ मध्यें पैसे देऊन तडजोड केली. सोनी लढली, तेव्हां २००४ सालीं पंचांनीं ८ कोटी २० लाख डॉलर भरपाई ठरविली. मग २००६ सालीं सोनीनें जें नवें यंत्र काढलें, त्याच्या कंट्रोलरांतून थरथर अजिबात गायब! कारण असें सांगितलें कीं, हा कंट्रोलर हाताचा कल ओळखतो व थरथरीनें त्या कामांत व्यत्यय येतो. पुढें मार्च २००७ मध्यें तंटा मिटला आणि त्याच वर्षीं थरथर व कल ओळखणें हीं दोन्ही एकाच मुठींत सुखानें नांदूं लागलीं. कोल्ह्याला द्राक्षें आंबट, ही गोष्ट आम्हीं शेंकडों मुलांना सांगितली असेल; पण तींतल्या कोल्ह्याला द्राक्षें गोड झाल्याचें प्रथमच ऐकलें.

घरांत एकच हंशा पिकला. वहिनी म्हणाल्या, “थरथरण्याचें पेटंट? आमची वरात ज्या बैलगाडींतून आली, तिचा मालक आज असता तर कोट्यधीश झाला असता!” धाकट्या बंधूंनीं आपल्या लहानपणच्या हिवतापाचा हक्क पुढें मांडला. सूनबाईंनीं तर पाळणा हलविण्याबद्दल सर्व मातांच्या वतीनें भरपाई मागितली.

दुसऱ्या खटल्यानें मात्र आमच्यांतील पंतोजी जागा झाला. ॲनास्केप नांवाच्या कंपनीनें निन्टेन्डोवर टेक्सासांत दावा लावला आणि २००८ सालीं पंचांनीं २ कोटी १० लाख डॉलर देववले. २०१० सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. कारण काय, तर १९९६ च्या मूळ अर्जांत सर्व बाजूंनीं हलणाऱ्या एकाच कळीचें वर्णन होतें. २००० च्या अर्जांत शब्द सैल करून अनेक कळी त्यांत आणल्या होत्या. न्यायालय म्हणालें, एकीच्या वर्णनावरून अनेकींना जुनी तारीख मिळणार नाहीं. आणि नव्या तारखेपूर्वीं तर सोनीचा तसा कंट्रोलर बाजारांत आलेलाच होता. वाचकहो, एकवचन लिहून अनेकवचनाचे पैसे मागणाऱ्यास आम्हीं वर्गांत बाकावर उभें केलें असतें! वास्तविक दोन आंगठ्यांसाठीं दोन दांड्या असलेल्या त्या यंत्रास आमचें संस्कृतांतील द्विवचनच शोभलें असतें.

हें वेड परदेशांतलेंच, असेंहि कोणी समजूं नये. पुण्याची बजाज ऑटो आणि दक्षिणेकडील टीव्हीएस यांचा दोन स्पार्क प्लगांच्या इंजिनावरून २००७ सालीं तंटा जुंपला. पेटंटाचे खटले रोजच्या रोज चालवून लवकर निकालांत काढावे, असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच प्रकरणांत २००९ सालीं बजावलें. तंटा मिटला तो २०१९ सालीं, तोहि आपसांत.

हंसतां हंसतां वहिनी नारळ खवण्यास विळी घेऊन बसल्या. आणि ती पाहून आमचें हंसूं ओसरलें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं या भागांतील एका वृद्ध सुतारानें ती घडविली. तिचें पातें व खवणीचें दांतेरी फूल कळ दाबतांच पाटाखालीं मिटून जातें. रांगणाऱ्या नातीचा हात कापला, म्हणून त्यानें ही युक्ति काढली होती. तो एके दिवशीं आमच्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, नवी वस्तु सरकारदरबारीं लिहून देतां येते म्हणतात. तुम्ही चार ओळी लिहून द्याल का?” आम्ही तरुण होतों व शहाणे होतों. हंसून म्हणालों, “अहो दादा, विळीला कसलें पेटंट? उद्यां पोळपाटालाहि मागाल!” तोहि ओशाळून हंसला. दीड-दोन वर्षांत तशाच विळ्या बाजारांत आल्या, आणि म्हातारा त्यांच्या सैल झालेल्या कळा दुरुस्त करीत बसलेला आम्हीं पाहिला. त्यानें कधीं बोल लाविला नाहीं.

त्याला पेटंट मिळालेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण पेटंट म्हणजे नुसती मक्तेदारी नव्हे. तो एक करार आहे. आपली युक्ति सर्वांना समजेल अशी लिहून द्यावी आणि ठराविक मुदतीपुरता हक्क घ्यावा. आपल्याकडे ही मुदत आतां अर्जापासून २० वर्षांची आहे. मात्र वस्तु नवी हवी, आणि ती बाजारांत मांडण्यापूर्वीं अर्ज हवा. ज्याला लिहितां येत नाहीं, तो या कराराच्या उंबरठ्याबाहेरच राहतो.

आपल्या हळदीचेंहि असेंच होतें. जखमेवर हळद लावण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंत दिलें गेलें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली व १९९७ सालीं तें रद्द झालें. परंतु आजीबाईच्या बटव्याची साक्ष तेथें चालली नाहीं. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यास परदेशांतली नुसती वहिवाट पुरेशी नव्हती. लेखी आधार लागे. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय मासिकांतील लेख, यांनीं हळद सोडविली. लिहून ठेवणारे पूर्वज होते म्हणून आपण जिंकलों.

यंदा आम्हीं एक वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या विळीची आकृति नातवानें काढली. खालीं कळीचें वर्णन, आणि वर त्या सुताराचें नांव आम्हीं लिहिलें. हक्काची मुदत केव्हांच टळली आहे, पण नांवाला तरी मुदत नसावी. त्या चार ओळी लिहावयास आम्हांस पुरता अर्धा तासहि लागला नाहीं.