घरचा पंप : दुरुस्ती की नवी खरेदी?

चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी तळाला जाते आणि नेमका त्याच दिवसांत घरचा पंप कुरकुरू लागतो. एक मिस्त्री येतो, झाकण उघडतो आणि मान हलवून सांगतो, ‘‘आता हा बदलूनच टाका.’’ दुसरा तोच पंप पाहून म्हणतो, ‘‘वायंडिंग करून देतो, आणखी पाच वर्षे काळजी नको.’’ घरात पाणी नाही, पाहुणे यावयाचे आहेत, अशा घाईत जो निर्णय होतो तो बहुधा खिशाला जड जातो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवितो. पंपाचा विचारही तहान लागण्यापूर्वीच व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या अनेक जुन्या घरांत आडाची विहीर आजही आहे. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले, तरी नळ ठरावीक वेळेपुरताच, म्हणून पुष्कळांनी विहिरी बुजविल्या नाहीत. गोव्यात तर विहीर नाही असे जुने घर विरळाच. या विहिरींच्या काठी बसविलेल्या बिडाच्या जड पंपांविषयी आपल्या लोकांना जिव्हाळा आहे, आणि त्याला कारणही आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणरावांची कथा ऐकतच आपल्या दोन पिढ्या वाढल्या. परंतु जिव्हाळा हा हिशेब नव्हे. तसेच, ‘नवे ते चांगले’ हाही हिशेब नव्हे.

आधी दुखणे ओळखावे

पंप चालतो पण पाणी चढत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. अशा वेळी दोष बहुधा पंपात नसतोच. विहिरीतील फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो, ओढीच्या नळाच्या सांध्यातून हवा शिरत असते, अथवा पाण्याची पातळीच फार खाली गेलेली असते. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर प्रथम कंडेन्सर तपासावा. तो अल्प खर्चात बदलता येतो. दांड्याजवळून पाणी ठिबकत असेल तर सील गेले आहे असे समजावे. हे काम मात्र लांबणीवर टाकू नये. ठिबकणारे पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते, बेअरिंग गंजून घरघर सुरू होते आणि शेवटी मोटर जळते.

या सर्व गोष्टी दुरुस्तीच्याच आहेत. त्यांच्यासाठी पंप बदलणे म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून नवा जोड घेणे होय.

मोटर जळाली, तर प्रश्न निराळा. वायंडिंग करून घेण्यास हरकत नाही. मात्र तार तांब्याची, मूळ जाडीची आणि मूळ वेढ्यांइतकीच असावी. जुनी तार काढताना काही कारागीर ती जाळून मोकळी करतात. त्या उष्णतेने आतील लोखंडी पत्र्यांमधील विद्युतरोधक थर खराब होतो; मग मोटर अधिक तापते आणि तेच काम करण्यास अधिक वीज खाते. म्हणून एकदा वायंडिंग ठीक. पण दुसऱ्यांदा जळाली तर खर्च करण्यापूर्वी थांबून विचार करावा. ती का जळाली हेही विचारावे. उन्हाळ्यातील कमी दाबाची वीज किंवा कोरड्या विहिरीत चाललेला पंप हे कारण असेल, तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

विजेचा हिशेब

‘‘नवा पंप घ्या, विजेत पैसे वसूल होतील,’’ असे दुकानदार सांगतो. ते खरे की खोटे, हे आपला पंप रोज किती वेळ चालतो यावर ठरते.

एक अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे एक युनिट वीज घेतो असे धरू. चौघांच्या कुटुंबाची हजार लिटरची टाकी अर्ध्या तासात भरते. म्हणजे रोज अर्धे युनिट, वर्षाला सुमारे १८० युनिटे. नव्या पंपाने पाचवा हिस्सा वाचविला, तरी वर्षाची बचत ३६ युनिटांची. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे; तेवढ्यात नवा पंप फिटण्यास कितीतरी वर्षे लागतील. येथे दुरुस्तीच शहाणपणाची.

परंतु वाड्यात चार बिऱ्हाडे आहेत, मागे बाग आहे आणि पंप रोज चार तास चालतो, अशी स्थिती असेल तर वर्षाला सुमारे १,४६० युनिटे होतात आणि पाचव्या हिश्शाची बचत २९० युनिटांच्या घरात जाते. येथे जुन्या पंपाला चिकटून राहणे महाग पडते.

अलीकडे गोव्यात आणि मोठ्या शहरांच्या वेशीवर काही घरांत पोहण्याचे तलाव आले आहेत. तेथील गाळणीचा पंप रोज सहा-आठ तास चालतो, म्हणून हा हिशेब तेथे अधिकच लागू पडतो. शिवाय त्या पंपाला पाणी उंच चढवावयाचे नसते, नुसते फिरवावयाचे असते. त्यामुळे वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते. पंप दुप्पट वेळ चालविला तरी वीज कागदावर चौथा हिस्सा, प्रत्यक्षात थोडी अधिक लागते. तेथे जुनी मोटर जळाली तर वेग कमी-अधिक करता येणारा पंप घेणे हिताचे. विहिरीच्या पंपास मात्र ही युक्ती लागू नाही. वेग निम्मा केला तर पाणी गच्चीपर्यंत पोहोचणारच नाही.

बदल केव्हा करावाच

पंपाच्या अंगाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर हिशेब करीत बसू नये. वीज त्याच क्षणी बंद करावी आणि जाणत्या माणसाकडून मोटर व अर्थिंग तपासून घ्यावे. ओल्या विहिरीकाठी घरातील बायकामुलांचा वावर असतो. तेथे काटकसरीला स्थान नाही.

पाण्याची पातळी कायमची खोल गेली असेल, तरीही बदल अटळ आहे. काठावरचा पंप हवेच्या दाबावर पाणी ओढतो आणि व्यवहारात वीस-बावीस फुटांपलीकडे त्याची ओढ भरवशाची राहत नाही. त्याखालील पाण्यासाठी पाण्यात बुडून चालणारा पंपच हवा. काठावर अधिक अश्वशक्तीचा पंप बसवून हे काम होत नाही. उलट लहान विहीर लवकर उपसली जाते, पंप हवा ओढू लागतो आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लागतो.

राहिलेल्या प्रसंगी आम्ही एक सोपा नियम सुचवितो. पंपास दहा वर्षे होऊन गेली असतील आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक असेल, तर बदलावा. एरवी दुरुस्त करावा. नवा घेताना अश्वशक्तीपेक्षा पाटीवर लिहिलेली उंची पाहावी. उन्हाळ्यातील पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजून त्यात नळाच्या घर्षणासाठी थोडी भर घालावी, आणि त्या उंचीला पुरेसे पाणी देणारा पंप निवडावा.

एवढ्यासाठी तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. पंपाजवळ एक लहान वही ठेवावी. खरेदीचे वर्ष, प्रत्येक दुरुस्तीची तारीख व खर्च आणि दिवाळीच्या व होळीच्या सुमारास रिकामी टाकी भरण्यास लागलेली मिनिटे तीत लिहावीत. दोन वर्षांच्या दिवाळीच्या नोंदी ताडून पाहाव्यात. विहिरीचे पाणी तितकेच असून तीस मिनिटांचे काम पंचेचाळीस मिनिटांवर गेले असेल, तर पंप आतून झिजला आहे किंवा कोठेतरी हवा शिरते आहे. मिस्त्रीला बोलावून तो उघडवून पाहण्यास माघ महिना उत्तम. तेव्हा कारागिरांना सवड असते आणि विहिरीत पाणीही असते.