‘लाईन नाही’ म्हणण्याआधी...

शेतकरी बंधू-भगिनींनो, ग्रामपंचायतीत दाखला काढायला किंवा पीक विम्याचा अर्ज भरायला गेल्यावर ‘लाईन नाही, उद्या या’ हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. कांदा काढणीला आलेला असतो, लोणंदच्या बाजाराला माल न्यायचा असतो, कालव्याच्या पाण्याची पाळी आलेली असते. अशा दिवसांत एक हेलपाटा म्हणजे एक रोज बुडाला. त्यात अर्जाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस असला, तर नुकसान रोजावर भागत नाही, हंगामावर जाते.

पण लाईन नाही म्हणजे नेमके काय नाही? वीज नाही, की घरातली वायर निघाली? गावाबाहेर तार तुटली, की लांबच्या शहरातला सर्व्हर बंद आहे? या चारही गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि उपाय मात्र चारांचे चार वेगळे आहेत. बिघाड कुठे आहे हे ज्याला सांगता येते, त्याचे काम लवकर होते. ही सवय आपल्याकडे टेलिफोनवरच्या इंटरनेटने, म्हणजे डायलअपने लावली होती. तो काळ सरला, पण त्यातून शिकण्यासारखे अजून पुष्कळ आहे.

तारेवरून बोलणारा संगणक

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमामार्फत आणि तेही मोजक्या मोठ्या शहरांत. गावांकडे ते आले टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. त्यासाठी 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचे काम पायाभूत ठरले. तिने तयार केलेले 128 लाईनचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज 1986 पासून वापरात येऊ लागले. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. त्यामुळे धूळ आणि उन्हाळा सोसत ते गावात टिकले.

टेलिफोनची लाईन मात्र माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा तिच्यातून जातो. संगणकाची माहिती या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजात बदलायची आणि पलीकडे पुन्हा माहितीत बदलायची, हे काम मोडेम करत असे. नंबर लागल्यावर जो ‘टुंई-खर्रर्र’ असा आवाज यायचा, ती दोन मोडेमची आपसातली बोलणी असायची. कोणत्या वेगाने बोलायचे, हे ते त्या काही सेकंदांत ठरवत.

आता गंमत बघा. माणूस फोनवर बोलताना थोडी खरखर झाली तरी आपल्याला समजते, एखादा शब्द गाळला तरी अर्थ लागतो. मोडेमला तसे जमत नाही. खरखरीने माहितीचा तुकडा बिघडला की तो पुन्हा मागवावा लागतो. खरखर वाढली की जोडणीच तुटते. म्हणून ‘फोन तर चांगला चालतोय, मग नेट का नाही?’ हा प्रश्न त्या काळी घरोघर विचारला जाई. त्याचे उत्तर हेच होते.

संगणक काय सांगतो ते वाचा

जोडणी झाली नाही की पडद्यावर एक आकडा येई. बरेच जण तो न वाचताच चौकट बंद करत. खरे तर बिघाडाचा पत्ता त्या आकड्यातच असे.

680 म्हणजे डायल टोन नाही. मोडेमची वायर निघाली आहे, चुकीच्या खाचेत बसली आहे, किंवा फोनच मृत आहे. पुष्कळ मोडेमला दोन खाचा असत, एक लाईनची आणि एक फोनची. अदलाबदल झाली की हाच आकडा यायचा.

676 म्हणजे पलीकडचा नंबर व्यस्त. यात आपल्या घरचा काही दोष नाही. थोडे थांबून, शक्यतो पहाटे किंवा रात्री, पुन्हा लावायचे.

678 म्हणजे पलीकडून उत्तर नाही. नंबर चुकला का, आधी शून्य किंवा एसटीडी कोड लागतो का, ते तपासायचे.

691 म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. यात लाईनमनला बोलावण्यात काहीच अर्थ नाही. मोठी अक्षरे करणारी कळ दाबलेली राहिली नाही ना, एवढे आधी बघायचे.

जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या गावात आणखी एक अडचण होती. तिथे नंबर ‘टोन’ने नव्हे, ‘पल्स’ने फिरवावा लागे. मोडेमच्या सेटिंगमध्ये ही निवड बदलली नाही, तर डायल टोन ऐकू येऊनही नंबर लागत नसे.

घरापासून खांबापर्यंत

लाईन तपासण्याची एक साधी रीत होती आणि तिला कसलेही यंत्र लागत नव्हते. रिसीव्हर उचलायचा, डायल टोन आला की कोणताही एक आकडा दाबायचा. टोन थांबतो आणि लाईन शांत होते. त्या शांततेत कान देऊन ऐकायचे. खरखर, चरचर किंवा गुणगुण ऐकू आली तर लाईनमध्ये दोष आहे.

मग तो दोष घरात की बाहेर? घरातले सगळे फोन, समांतर जोडणी, मोडेम काढून टाकायचे. बाहेरून येणारी वायर भिंतीवर जिथे पहिल्यांदा येते, त्या डबीला एकच फोन थेट लावायचा आणि पुन्हा ऐकायचे. आता आवाज स्वच्छ असेल तर दोष घरच्या वायरिंगमध्ये. खरखर कायम असेल तर दोष खांबाकडे किंवा त्याच्याही पलीकडे. पाच मिनिटांचे काम, पण लाईनमनचा अर्धा दिवस वाचायचा.

घरातले दोष बहुतेक ठरलेले असत. माजघरातल्या समांतर फोनचा रिसीव्हर कोणी उचलला की जोडणी तुटे. वायर जोडताना नुसती पिळून त्यावर साधी चिकटपट्टी गुंडाळलेली असे, ती गंजे. वायर विजेच्या तारेला किंवा मोटारीच्या स्टार्टरला चिकटून नेलेली असे, त्यामुळे मोटार चालू झाली की गुणगुण सुरू.

बाहेरचे दोष पावसाळ्यात वाढत. खांबावरच्या डीपी बॉक्सचे झाकण निघालेले, जोडात पाणी शिरलेले. पाऊस पडला की खरखर आणि ऊन पडले की लाईन ठीक, असे होत असेल तर जोड भिजतोय हे नक्की समजावे. तक्रार करताना नुसते ‘फोन खराब’ न म्हणता ‘पाऊस झाल्यावर खरखर होते, घरातली जोडणी काढून तपासली आहे’ असे सांगितले, तर माणूस थेट खांबावर चढे.

वळवाच्या दिवसांत एक पथ्य फार महत्त्वाचे होते. गडगडाट सुरू झाला की मोडेमची विजेची पिन आणि टेलिफोनची वायर दोन्ही काढायची. बरेच जण फक्त विजेची पिन काढत आणि टेलिफोनच्या तारेवरून आलेल्या झटक्याने मोडेम जळे.

कमी वेग, पण टिकाऊ लाईन

मोडेमच्या डब्यावर 56 केबीपीएस लिहिलेले असे. गावाच्या लांब, जोड दिलेल्या तारेवर तो वेग मिळणे अवघड. 28.8 केबीपीएसला एक एमबीची फाईल यायला साधारण पाच मिनिटे लागत, 9.6 केबीपीएसला जवळपास पंधरा. तरीही जाणकार माणूस मोडेमचा वेग मुद्दाम खाली बांधून ठेवी. कारण वरच्या वेगाने जोडणी दर दोन मिनिटांनी तुटली, तर फाईल पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागे आणि प्रत्येक नव्या कॉलचे पैसे वेगळे. सावकाश चालणारी पण न तुटणारी लाईनच शेवटी स्वस्त पडे.

वारणेचा धडा

आपल्या शेजारी, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवर वारणा खोऱ्यात 1998 साली मोठा प्रयोग सुरू झाला. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने वारणा परिसरातली सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. उसाची नोंद, वजन, खताची उचल अशी माहिती शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत न जाता गावातच मिळावी, हा हेतू. पुढे 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्याच 7 गावांत संशोधकांनी संगणकाच्या जागी मोबाईलचा एसएमएस वापरून पाहिला. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती थोडक्या आकड्यांची होती आणि ती साध्या संदेशातही मावत होती. संगणक, वीज, देखभाल यांचा खर्च त्यात वाचत होता.

त्यातून घ्यायचे ते एवढेच, की आपल्या कामाला किती लाईन पुरते हे आधी ठरवावे. मग महागाचे यंत्र गरजेचे आहे का, तेही कळते.

आज काय तपासाल?

आज ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम भारतनेट योजनेतून झाले. केंद्राने 2011 मध्ये मंजूर केलेली ही योजना आधी वेगळ्या नावाने होती, 2015 पासून ती भारतनेट झाली. यंत्र बदलले, पण तपासायचा क्रम तोच राहिला. आपल्या टोकापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी बाहेर जायचे.

पहिले, फायबरच्या डबीवरचा विजेचा दिवा पेटतो का? नसेल तर अडचण विजेची किंवा अडॅप्टरची. दुसरे, ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला आहे का? असेल तर डबीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे फायबर तुटली, दुमडली किंवा निघाली. तिसरे, दिवे ठीक असून संगणकावर नेट नाही, तर वायर काढून पुन्हा लावा, डबी एकदा बंद करून चालू करा. चौथे, दुसरी एखादी वेबसाईट उघडते का? ती उघडत असेल तर आपली लाईन चांगली आहे, बंद आहे तो त्या कामाचा सर्व्हर. मग शेतकऱ्याला ‘लाईन नाही’ न म्हणता ‘सर्व्हर बंद आहे, फोन करतो तेव्हा या’ असे सांगता येईल.

शेतकरी बंधूंनो, यात आपलाही वाटा आहे. पाईपलाईनसाठी किंवा बांधासाठी जेसीबी लावण्याआधी रस्त्याच्या कडेने केबल गेली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या. एका बादलीच्या घावाने पुढच्या सगळ्या गावांचे काम थांबते आणि त्यात आपलाही अर्ज अडकलेला असू शकतो.

ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब आणि केंद्रचालक यांना एक विनंती. संगणकाशेजारी एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, कोणता दिवा लागला होता, पाऊस होता का, तक्रार केव्हा केली आणि तिचा क्रमांक काय, एवढेच लिहा. महिनाभरात बिघाडाची खोड कळते आणि वरच्या कार्यालयात बोलताना हातात पुरावा असतो. मुदतीच्या दिवशी लाईन बंद होती हे एखाद्या शेतकऱ्याला सिद्ध करायची वेळ आली, तर त्या वहीचे ते पान त्याच्या उपयोगी पडेल.