पाते चिनी, मूठ जपानी

जपानमधील नारा प्रांतात तेन्री शहराजवळ तोदाइजियामा नावाची एक प्राचीन दफनटेकडी आहे. १९६१-६२ साली तिचे उत्खनन झाले, तेव्हा चौथ्या शतकातील त्या थडग्यातून इतर शस्त्रांबरोबर सुमारे एक मीटर लांबीची एक लोखंडी तलवार मिळाली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याने जडविलेला चोवीस अक्षरांचा लेख आहे आणि त्याच्या आरंभी ‘झोंगपिंग’ हे कालनाम येते. हे चीनमधील हान राजवटीच्या अखेरच्या पर्वाचे, म्हणजे इ. स. १८४ ते १८९ या वर्षांचे कालनाम होय. मुठीच्या टोकाचे ब्राँझचे नक्षीदार कडे मात्र जपानात ओतून मागाहून बसविलेले आहे, असे अभ्यासक मानतात. आता ही तलवार चिनी म्हणायची की जपानी?

जपानी तलवार ही चीनच्या तांगकालीन तलवारीची केवळ नक्कल होय, असे एक पक्ष म्हणतो. ती जपानी लोहारांच्या प्रतिभेची स्वतंत्र निर्मिती होय, असे दुसरा पक्ष हिरिरीने सांगतो. दोन्ही पक्षांचा समज असा की, तलवारीला एकच जन्मस्थान असते. वस्तुतः पाते एकीकडे घडते, मूठ दुसरीकडे चढते, म्यान तिसरीकडे सजते, आणि पोलादाला पाणी देण्याची विद्या तर लोहाराबरोबरच देशांतर करते.

तोदाइजियामाच्या लेखातील पोलाद ‘शंभर वेळा शुद्ध केलेले’ आहे. ही हानकालीन लोहारांची ठरीव भाषा होय. चीनमध्ये शांतुंग प्रांतात १९७४ साली मिळालेल्या इ. स. ११२ मधील तलवारीवर ‘तीस वेळा’ असा उल्लेख आहे. लेखातील पाचव्या महिन्याचा ‘अग्नी’चा दिवसही भट्टीच्या कामाला शुभ म्हणून लिहिण्याचा प्रघात होता, तो घडणीचा खरा दिवस असेलच असे नाही. अशा तलवारी समुद्रापार जात, याला चिनी बखरीचा आधार आहे. वेइ राज्याने इ. स. २३९ मध्ये जपानची राणी हिमिको हिला पाठविलेल्या भेटींत दोन लांब तलवारींची नोंद आहे.

असे प्रश्न केवळ वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात राहत नाहीत. याच तेन्रीतील इसोनोकामी मंदिरात सात फाट्यांची एक विलक्षण तलवार जतन केलेली आहे. कोरियातील पेक्चे राज्याकडून ती जपानच्या राजाकडे आली, एवढे तिच्या लेखावरून सर्वमान्य आहे. पण ती मांडलिकाने दिलेला नजराणा की वरिष्ठाने केलेली बक्षिसी, यावर भांडण आहे. युद्धपूर्व जपानी इतिहासकारांनी नजराण्याचा अर्थ उचलून धरला. ज्या काळात त्यांचा देश कोरिया गिळून बसला होता, त्या काळाला तोच अर्थ सोयीचा होता. युद्धानंतर कोरियन अभ्यासकांनी नेमका उलट अर्थ लावला. गंजलेल्या पात्यावरील चार-दोन पुसट अक्षरांवर केवढा भार टाकला गेला हा!

तांग काळाविषयीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. सम्राट शोमू यांच्या निधनानंतर, इ. स. ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू नारा येथील तोदाइजी मठाच्या महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या शोसोइन नावाच्या लाकडी कोठारात ठेवल्या गेल्या. अर्पणसूचीत शंभर तलवारी आहेत, आणि ‘तांग तलवार’ व ‘तांग धर्तीची तलवार’ असा भेद त्या कारकुनाने तेव्हाच करून ठेवला आहे! आजच्या वादपटूंपेक्षा तो सावध होता, असेच म्हटले पाहिजे. सोन्याचांदीने मढविलेली जी प्रसिद्ध तलवार तेथे उरली आहे, ती तांग देशातून आलेली की नाऱ्यात घडलेली, यावर विद्वानांत दीर्घकाळ मतभेद आहेत. तिच्या म्यानावर लाखेत सोन्याची पूड पेरून काढलेली चित्रे आहेत. त्यामुळे माकि-ए या जपानी लाखकामाचे मूळ कोणते, हा प्रश्नही त्याच मतभेदात अडकला आहे.

खुद्द चीनमध्ये तांग तलवारी मिळतात त्या बहुतेक थडग्यांतून, गंजून गेलेल्या. तांग तलवारीचे जे चित्र आज डोळ्यांपुढे उभे केले जाते, ते बऱ्याच अंशी शोसोइनमधील नमुन्यांवरून रेखाटलेले आहे. मग त्याच चित्राकडे बोट दाखवून ‘पाहा, जपान्यांनी हुबेहूब उचलले’ असे म्हणण्यात काय स्वारस्य?

शिवाय शोसोइनची ही पाती सरळ आहेत. जपानी तलवारीची ओळख ज्या बाकाने पटते, तो दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास स्थिरावला. त्यामागे ईशान्येकडील एमिशी लोकांच्या वक्र मुठीच्या शस्त्रांचा प्रभाव अनेक अभ्यासक मानतात. तांगवादी पक्षाकडे या बाकाचे समाधानकारक उत्तर नाही.

पुढे तर प्रवाहच उलटला. अकराव्या शतकात सोंग राजवटीतील एका कवीने जपानी तलवारीची थोरवी गाइली. हे काव्य औयांग श्यू यांचे की स्स-मा ग्वांग यांचे, हाही एक वादच. मिंग काळात अधिकृत व्यापारात या तलवारींची रीघ लागली. १४८३ च्या एकाच शिष्टमंडळाबरोबर सुमारे ३७ हजार तलवारी चीनला गेल्या. किनाऱ्यावरील चाच्यांशी लढणारा सेनापती छी जीग्वांग याने १५६१ मध्ये एका जपानी तलवारविद्येची पोथी हस्तगत केली आणि ती विद्या आपल्या सैनिकांना शिकविली. त्या काळच्या चिनी लांब तलवारीचे मूळ शोधणाऱ्याला जपानचा किनारा टाळता येत नाही.

तोदाइजीच्या महाबुद्धाच्या चबुतऱ्यातून १९०७ च्या सुमारास काही तलवारी निघाल्या होत्या. शंभर वर्षे त्या ‘सोन्याचांदीच्या तलवारी’ एवढ्याच नावाने ओळखल्या गेल्या. २०१० साली क्ष-किरणांनी त्यांपैकी दोहोंवर गंजाखाली दडलेली अक्षरे दाखविली, ‘यांग रत्नखड्ग’ आणि ‘यिन रत्नखड्ग’. ७५६ च्या सूचीत शस्त्रांच्या आरंभीच ही जोडी नोंदलेली आहे, आणि तीन वर्षांनी ती कोठारातून बाहेर काढल्याचा शेराही तेथे आहे. नावे चिनी तत्त्वज्ञानातली, अर्पण करणारी सम्राज्ञी जपानी. आणि त्या कोणत्या भट्टीतून आल्या याविषयी सूचीतील त्या ओळीत एक अक्षरही नाही.