न डुगडुगणारं बाक

सुतारकामाच्या बाकावर माणूस चढून उभा राहिला तरी ते मोडत नाही, यात विशेष काही नाही. जेवणाचं टेबलही सहसा मोडत नाही. दोघांतला फरक कळतो तो हातात रंधा घेतल्यावर. टेबलावर भार वरून खाली येतो. रंध्याचा जोर आडवा असतो, पुढे ढकलणारा, आणि तो पुन्हापुन्हा येतो. टेबल त्या दिशेला थोडं कलतं, परत येतं, आणि त्या हेलकाव्यात हाताचा निम्मा जोर वाया जातो. पात्याला उत्तम धार असली तरी सालपटं तुटक निघतात आणि शिकणारा बिचारा रंध्याला दोष देत बसतो. बाकाची मजबुती मोजायची ती या आडव्या धक्क्याने, वर ठेवलेल्या वजनाने नव्हे. पुढे सांगितलेलं प्रत्येक माप आणि प्रत्येक सांधा त्याच हिशेबाने ठरवला आहे.

आपल्याकडच्या सुताराला बाकाची गरज भासली नाही, कारण तो जमिनीवर बसून काम करत आला. फळी पायांत धरायची, भिंतीला किंवा ठोकळ्याला टेकवायची, की झालं. जमीन डुगडुगत नाही. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या हौशी माणसाची पाठ आणि गुडघे ती बैठक तासभरही सहन करत नाहीत. त्याला उभ्यानेच काम करावं लागतं, आणि मग जमिनीचा ठामपणा कमरेच्या उंचीवर आणायचा कसा, हा प्रश्न येतो.

युरोपात याची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. पॅरिसच्या आंद्रे-जाकब रुबोने 1769 पासून छापल्या गेलेल्या सुतारकामावरच्या आपल्या ग्रंथात जाडजूड अखंड फळ्याचं बाक दाखवलं. दुसरं आहे पीटर निकल्सनच्या 1812 सालच्या पुस्तकातलं, पातळ फळ्यांचं पण पुढच्या अंगाला रुंद उभी फळी लावलेलं. रुबोचं बाक देखणं असतं यात वाद नाही. पण पाच फूट लांब, बावीस इंच रुंद आणि चार इंच जाड असा नुसता वरचा फळाच तीन घनफूट लाकूड खातो, आणि एवढं जाड लाकूड आतपर्यंत वाळलेलं मिळणं ही वेगळीच अडचण. निकल्सन पद्धतीचं अख्खं बाक पावणेचार घनफुटांत होतं. घरगुती कामाला माझं मत निःशंकपणे त्याच्या बाजूने आहे.

पातळ फळ्यांना ताठपणा कुठून येतो? फळी किती वाकेल हे तिच्या रुंदीपेक्षा जाडीवर फार जास्त अवलंबून असतं: जाडी दुप्पट केली की ताठपणा आठ पट होतो. नऊ इंच रुंद आणि दीड इंच जाड फळी आडवी टाकली तर मधोमध लवते. तीच काठावर उभी केली तर 36 पट ताठ होते. निकल्सनच्या बाकात अशी एक उभी फळी पुढे आणि एक मागे असते. वरचा फळा त्यांच्यावर टेकतो, पाय त्यांच्यात अडकतात, आणि पावणेदोन इंचाचा फळा पुरेसा होतो.

लाकडाबद्दल थोडक्यात. नवा साग उत्तम, पण बाकासाठी ती उधळपट्टी आहे. जुन्या वाड्यांच्या पाडकामातला सागवान स्वस्त पडू शकतो आणि तो पुरेपूर वाळलेला असतो. मात्र प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय त्याला करवत लावू नये, कारण रंगाखाली बुजलेला एक खिळा पात्याची धार घालवतो. औद्योगिक वसाहतींमधून निघणारं खोक्यांचं पाईनही चालतं. आंतरराष्ट्रीय मालाच्या खोक्यांवर शिक्का असतो: एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेलं. दुसरं घरात आणू नये. लाकूड विकत घेताना कापणी आणि रंधकामात जाणारं धरून पाच घनफूट मोजावं. पाईनचं बाक साधारण पन्नास किलोचं होतं, आणि ते जरा हलकंच. त्यावरचा उपाय पुढे येईल.

उंची आधी ठरवावी. सरळ उभं राहून हात बाजूला सैल सोडायचे आणि तळवे जमिनीला समांतर करायचे. तळव्यांची जमिनीपासूनची उंची तीच रंध्यासाठी बाकाची उंची. साडेपाच फुटांच्या माणसाला ती बत्तीस-तेहतीस इंचांच्या आसपास येते, म्हणजे बहुधा स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. बारीक कोरीवकाम करणाऱ्याला हे बुटकं वाटेल. पण उंच बाकावर रंधा मारताना नुसते खांदे राबतात, अंगाचं वजन मागे येत नाही.

आता बांधणी. दोन्ही टोकांना एकेक चौकट असते: साडेतीन इंच चौरस असे दोन पाय, त्यांना वर एक आणि खाली जमिनीपासून पाचेक इंचांवर एक अशा दोन आडव्या पट्ट्या. जाड लाकूड नसेल तर पावणेदोन इंचांच्या दोन फळ्या फेविकॉलने चिकटवून पाय करावा. या पट्ट्या पायांत कुशीने बसवायच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाला जीभ काढायची आणि पायात तिच्यासाठी खाच कोरायची. स्क्रूवर इथे भिस्त ठेवू नये. पुढे-मागे हेलकावे बसले की स्क्रू स्वतःभोवतीचं लाकूड चुरडत जातो, भोक मोठं होतं, आणि वर्षभरात चौकट बोलायला लागते.

कुशीची जाडी पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, असा ठोकताळा आहे. प्रत्यक्षात ती हातातल्या पटाशीने ठरते. अर्ध्या इंचाची पटाशी असेल तर खाच अर्ध्या इंचाची आणि कूसही तेवढीच. खाच आधी करावी, कूस नंतर, कारण कूस रंध्याने किंवा पटाशीने तासून जुळवता येते, खाच बारीक करता येत नाही. कूस हाताने ढकलून शेवटच्या दोन सूतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अडावी आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसावी. हातोडीने बदडावं लागलं तर पाय चिरतो, आपसूक आत गेली तर ती सैल आहे.

इथे एक जुनी युक्ती आहे, तिला लांब क्लॅम्पही लागत नाहीत. पायात खाचेच्या आरपार तीन सूतांचं भोक पाडायचं. कूस घालून त्या भोकातून तिच्यावर खूण करायची आणि कूस परत काढायची. आता कुशीवरचं भोक त्या खुणेवर न पाडता अर्धा सूत खांद्याकडे सरकवून पाडायचं. खांदा म्हणजे कूस जिथे संपते आणि पट्टी पायाला टेकते ती जागा. भोकं नेमकी समोरासमोर नसल्याने टोक निमुळतं केलेली सागाची किंवा बाभळीची खुंटी ठोकली की ती कुशीला आत ओढते. खांदा पायावर घट्ट बसतो आणि लाकूड आणखी वाळलं तरी तसाच राहतो. खुंटीसाठी लाकूड करवतीने कापण्यापेक्षा रेषेत फोडून घ्यावं. आडवे रेषे आले तर ती आतल्या आत तुटते, आणि मग ती काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

दोन चौकटी झाल्या की पुढची-मागची उभी फळी. फळीच्या आतल्या अंगाला पायाच्या रुंदीएवढी, दोन सूत खोल खाच घ्यायची आणि पाय त्यात बसवायचा. लांबीच्या दिशेने येणारा रंध्याचा धक्का ही खाच सोसते. लाकूड लाकडाला अडतं, बोल्ट फक्त त्यांना वेगळं होऊ देत नाही. प्रत्येक पायाला दहा मिलीमीटरचे दोन बोल्ट, एक वर आणि दुसरा पाच-सहा इंच खाली, दोन्हींना मोठे वॉशर. बोल्टची डोकी फळीत बुडवावीत. खालचं भोक उभ्या दिशेने सूतभर लांबट ठेवावं, म्हणजे फळी पावसाळ्यात फुगली तरी चिरत नाही. इथे फेविकॉल लावू नये, कारण घर बदलताना बाक सोडून लिफ्टमधून न्यायचं असतं. घट्ट करण्याआधी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर चौकोन काटकोनात आहे.

वरचा फळा दोन किंवा तीन फळ्यांचा असतो, लांबीला समांतर. लाकडाच्या रेषांच्या दिशेने लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी बदलते. उन्हाळा संपून कोकणात किंवा मुंबईत पाऊस लागला की लाकडातला ओलावा वाढतो, आणि सहा टक्क्यांनी वाढला तर फळी रुंदीत साधारण एक टक्का फुगते. बावीस इंचांना ते दोनेक सूत होतात. म्हणून मे महिन्यात बांधलेल्या बाकाच्या फळ्यांमध्ये सूतभर फट सोडावी. भर पावसात बांधत असाल तर फळ्या भिडवून बसवाव्यात, फटी दिवाळीनंतर आपोआप पडतील. प्रत्येक फळी आडव्या पट्टीला मधोमध खालून एकेका स्क्रूने धरावी. वरून लोखंड अजिबात नको, रंधा त्यावर घसरतोच. ही हवामानाची कटकट नको असेल त्याने बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय वापरावा. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये पाच फूट बाय बावीस इंचाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी निघतात. ते एकमेकांवर चिकटवले की दीड इंचाच्या आसपास जाडीचा, ऋतू न पाळणारा फळा तयार.

वजनाचा उपाय स्वस्त आहे. खालच्या पट्ट्यांवर चार फूट बाय दीड फूट, एक इंच जाडीची कडप्प्याची फरशी टाकायची. ती एकटी अडतीस किलोंच्या आसपास भरते. वर अवजारांची पेटी ठेवता येते. पायांखाली रबराचे तुकडे हवेतच, घसरू नये म्हणून आणि खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणं टिकावं म्हणूनही. ठोकाठोकी नेहमी पायाच्या बरोबर वर करावी. मध्ये ठोकलं तर फळा ढोलासारखा घुमतो.

वाईस लगेच विकत घेण्याची घाई करू नका. डाव्या टोकाला फळ्यात चौकोनी भोक पाडून वर-खाली सरकणारा एक ठोकळा बसवला की फळी त्याला टेकवून रंधा मारता येतो. पाऊण इंचाची भोकं फळ्यात आणि पुढच्या उभ्या फळीत पाडली की लोहाराकडून वाकवून घेतलेल्या सळईच्या आकड्याने लाकूड दाबून धरता येतं. आकडा भोकात तिरका अडकतो आणि मागून एक ठोका दिला की सुटतो. ही दोन साधनं वापरून पाहिल्यावर वाईस कुठे हवा ते आपलं आपल्याला कळतं.

शेवटी अळशीच्या तेलाचे एक-दोन हात द्यावेत. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग फेकाव्यात.

बाक झाल्यावर पहिलं काम म्हणून पाट करून पाहावा. दीड फूट लांब फळी, खाली रुंदीच्या दिशेने दोन पट्ट्या. पट्ट्यांसाठी फळीच्या पोटात तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा खाचा घ्यायच्या आणि पट्ट्या एका बाजूने सरकवत न्यायच्या. गोंद फक्त मधल्या दोन इंचांना लावायचा. दोन्ही टोकं मोकळी राहतात, त्यामुळे फळी पावसात फुगते, हिवाळ्यात आकसते, पण वाकत नाही. त्याऐवजी पट्ट्या चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडल्या, तर येत्या मे महिन्यापर्यंत पाटाला लांबीच्या दिशेने चीर गेलेली असेल.